ताई, तुझे आठ सेकंद कोणी कापणार नाही

ताई, तुझ्या तेरवीला मी भांडलो. पंगत उठायच्या आधी, खरकट्या हातानं भांडलो. तू असतीस तर दारातूनच ओरडली असतीस, "आला माहा भाऊ. आता भांडेकुंडे आत न्या वं कोनी."

तू कशानं गेलीस, किती वाजता गेलीस, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही मी लिहिणार नाही. ते पेपरातल्या चौकोनात छापून आलं, तुझ्या सगळ्यात वाईट फोटोसकट. मी लिहितोय ते त्या भांडणाबद्दल. आणि लिहायला बसलं की माझी भाषा इस्त्री केल्यासारखी होते, त्याला हसू नकोस. बघ, "हसू नकोस" म्हणालो. जन्मात कधी तुझ्याशी असं बोललो होतो का मी?

भांडण आठ सेकंदांवरून झालं. तुझ्या चॅनेलच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला येतात ते आठ सेकंद. वांग्याच्या दोन ओळींमधून तू बाहेर येतेस, डोक्याला रुमाल, कमरेवर टोपली. कॅमेऱ्याकडे अशी बघतेस जशी दारात उभ्या असलेल्या पाहुण्याकडे बघावं, आणि म्हणतेस, "या, वावरात या. चप्पल राहू द्या पायात, काटे हायेत." बस, एवढंच. ना नमस्कार, ना मंडळी, ना लाइक करा. पुण्याकडच्या कुणीतरी खाली लिहिलं होतं की ताई रागावून बोलतात का? तू मला फोन करून विचारलंस, "राज्या, मी रागावली काय रे त्याच्यात? मी तं त्याइच्या पायाचा इचार केला." खरंच आहे. आपल्या वऱ्हाडात याहून गोड स्वागत कुणाचं होतं?

तर तेरवीच्या पंगतीत पल्लवीनं सांगितलं की आईचं चॅनेल मी बंद करणार नाही. अमरावतीहून दर रविवारी तुझ्या गावी, तिवस्याला येऊन तीच तर तुझं शूटिंग करायची. आता बोलेलही तीच. फक्त सुरुवातीला आईच येईल, नेहमीसारखी. पोरीचा आवाज एकदाही कापला नाही, ताई. कुणावर गेली, सांगायला नको.

तुझे भासरे, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ आबाजी, पाणी प्याले आणि म्हणाले, "चॅनल चालव पोरी, आमी नाही म्हनत नाही. पन सुरवातीचं ते काढून टाक. गेलेल्या मानसाले दर हप्त्याले बोलावू नये. जीव अडकते." चार माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, त्या जागी गणपती टाका, घंटीचा आवाज टाका. मी अकोल्यात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो, पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या सुरुवातीला गणपतीच टाकत आलो. गणपतीशी माझं भांडण नाही. पण त्यांनी तुझी जागा घ्यायची म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

मी म्हणालो, "आबाजी, काल तुमीच ताईचा हार घातलेला फोटो भिंतीवर लावला. खिळा तुमीच ठोकला. त्यानं जीव नाही अडकत? मंग बोलल्यानं काहून अडकते? बाई भिंतीवर चूप राह्यली का चालते, तोंड उघडलं का तरास होते, असंच ना?"

भाऊजी पत्रावळीकडे बघत बसले. हे बोलायला नको होतं असं मला एक क्षणही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आबाजी मात्र चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "अन् दाखवाचं तं काय दाखवाचं राजाभाऊ? त्या इडिओत तिचं तोंड तरी धड दिसते काय?"

ताई, ते खरं होतं.

शेवटच्या भागात तुझ्या डोळ्यांची जागा कळते, डोळे कळत नाहीत. वांग्याची पानं म्हणजे हिरवे चौकोन. आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. आणि यावरूनच तर आपलं दोन वर्षं भांडण चाललं होतं. तू काय करायचीस? नवा व्हिडिओ करायचा झाला की मागच्या हप्त्याच्या तयार व्हिडिओतून ते आठ सेकंद कापायचीस आणि नव्याला जोडायचीस. मग घरी नेट चालत नाही म्हणून तो अख्खा व्हिडिओ पल्लवीला अमरावतीला फॉरवर्ड करायचीस, ती तिथून चढवायची. पुढच्या हप्त्याला त्याच्यातून पुन्हा कापायचं. प्रत्येक कापणीला फोन थोडं खातो, प्रत्येक फॉरवर्डला थोडं गळतं. एका हप्त्याला कळत नाही. चाळीस हप्ते झाले की माणूस ओळखू येत नाही.

हे मी तुला किती वेळा सांगितलं! आधी समजावून, मग ओरडून. कॅसेटचा जमाना होता तेव्हा लोक कॉपीवरून कॉपी काढायचे, आणि पाचव्या कॉपीत नवरदेव कोण आणि करवला कोण हे कळायचं नाही, तेही सांगितलं. तू म्हणायचीस, "दिसते ना थोडंसं? आवाज येते ना? लोक वांगे पाहाले येतात, माहं तोंड पाहाले नाही येत." मी म्हणायचो, "माह्या धंद्याची इज्जत जाते ताई. लोक म्हनतात, याची बहीन अन् हा इडिओ?" तुझ्या तोंडापेक्षा मला माझ्या धंद्याची पडली होती. हे लिहून ठेवतो. कबूल करायचंय ते कबूल करावं.

अजून एक कबूल करायचंय, आणि ते याहून जड आहे.

ते आठ सेकंद मी काढले होते. दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेला आलो होतो, गाडीत कॅमेरा होता. पल्लवी म्हणाली, मामा, आईच्या चॅनेलला एक इंट्रो काढून द्या ना, एकदा केला की कायम वापरता येईल. तू ओवाळणीचं ताट ठेवलंस आणि तशीच वावरात आलीस. मी सात वेळा काढायला लावलं. संध्याकाळी तुझ्याच ओट्यावर लॅपटॉपला कार्ड लावून थेट त्यावरूनच कापलं, आणि मला निघायची घाई होती, तुळशीचं लग्न झालं की लगनसराई सुरू, म्हणून हलकी कॉपी बनवून पल्लवीच्या फोनवर फॉरवर्ड केली. मी! जो तुला दोन वर्षं फॉरवर्डवरून शिव्या घालत होतो, पहिलं फॉरवर्ड त्याचंच. म्हणालो, सध्या हे लावा, मूळ मास्टर नंतर नीट पेनड्राइव्हवर देतो.

दिलंच नाही. आणि पुढं जेव्हा आठवलं तेव्हा मूळ असलेलं ते कॅमेऱ्याचं कार्डच सापडेना. मी पक्कं धरलं की कुठल्यातरी लग्नात ते कोरं करून वापरलं. माझ्याच हातानं. कुणाच्यातरी वरातीखाली तू गेलीस. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायच्या ऐवजी दर रविवारी फोन करून तुलाच ओरडत राहिलो, की तू इंट्रो खराब केला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आपलं शेवटचं बोलणंही त्यावरूनच. तू म्हणालीस, "राज्या, ऐक तं खरं, ते चिंधीतलं..." मला वाटलं नेहमीप्रमाणे बियाण्याचं पुराण लावतेस. मी म्हणालो, "ताई, तुह्या चिंध्या तुह्याजवळ ठेव, मले इडिओचं शिकवू नको," आणि फोन कापला. परत लावीन म्हटलं होतं. त्यानंतर आलेला फोन पल्लवीचा होता.

तेरवीहून अकोल्याला परत आलो आणि दुकानातल्या साऱ्या हार्ड डिस्क उपसल्या. जुन्या शहरातलं माझं दुकान तू पाहिलंस, खुर्ची ठेवायला जागा नाही. चार दिवस गिऱ्हाइकाचं काम केलं नाही. दुसऱ्यांच्या बहिणी सापडल्या, लग्नात रडणाऱ्या, हसणाऱ्या, रुसलेल्या. माझी सापडली नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, राजाभाऊ, आता एआयनं पुसट चेहरा चकचकीत होतो, टाकून तर बघा. टाकलं. ताई, त्यानं तुला चकचकीत केलं गं. गाल गोरे, भुवया कोरलेल्या, आणि पुढच्या दोन दातांतली फट बुजवलेली! ज्या फटीतून तू शिट्टी वाजवून मला शाळेतून घरी बोलवायचीस ती फट. मशीनला वाटलं चूक आहे. मी स्क्रीनवर ओरडलो, "अबे, माह्या बहिनीची फट दे वापस!" झेरॉक्सवाला घाबरून निघून गेला. मी ते पुसून टाकलं. धूसर का होईना, तूच बरी होतीस. मी ठरवलं, धूसर तर धूसर. तोंड दिसत नाही तर न दिसो. पण काढायचं नाही. आबाजींनी सारा तिवसा जमवला तरी काढायचं नाही.

मग एका दुपारी दुकानात पल्लवी उभी. तिवस्याहून अमरावती, अमरावतीहून अकोला, दोन बस बदलून, ओढणीला घाम पुसत. मी म्हणालो, फोन करायचा ना. ती म्हणाली, "मामा, हे फोनवर पाठवाचं नव्हतं. फॉरवर्ड केलं का गळते, तुमीच म्हनता." आणि तिनं टेबलावर एक चिंधीची गाठ ठेवली. तुझ्या निळ्या लुगड्याची चिंधी. तिला राख लागली होती.

तुला माहीत आहे काय होतं, पण मी सांगणार. वांग्याच्या रोपाचा वाफा टाकायचे दिवस आले म्हणून पल्लवीनं तुझा बियाचा डबा उघडला. सगळ्या गाठी तुझ्या हातच्या, राखेत ठेवलेल्या. वांगी, टमाटे, पालक. आणि एका गाठीत बी नव्हतं. एक प्लास्टिकची डबी होती आणि डबीत माझं कॅमेऱ्याचं कार्ड.

मी ते कॉम्प्युटरला लावलं. दोनदा उलटं लावलं. सगळं होतं, ताई. सातही वेळा काढलेलं. एकदा तू टोपली पाडलीस. एकदा "चप्पल" म्हणायच्या ऐवजी "भाकर राहू द्या पायात" म्हणालीस आणि बांधावर बसून हसलीस, तोंडाला पदर न लावता, फटीसकट. मी मागून वसकन म्हणतो, "ताई, हासू नको, उजेड चालला." तू म्हणतेस, "मंग काय रडू? एकदाच काढ, पन चांगलं काढ लेका. मले दर खेपेले नटाले टाइम नाही." पानावरची लव दिसते. तुझ्या कपाळावर भाऊबिजेचं कुंकू थोडं ओघळलेलं दिसतं.

शेवटी मी कॅमेरा खाली ठेवलाय, बंद करायला विसरलो. चित्रात फक्त माती आणि तुझ्या चपला. आवाज आपला दोघांचा.

मी म्हणतो, "ताई, हे कार्ड काढून देतो, तुह्याजवळ ठेव. माह्या खिशात हरवते. हे मास्टर हाय. याले हात लावाचा नाही, फोनात टाकाचं नाही, कोनाले देवाचं नाही. मी मांगीन तवाच काढाचं."

तू म्हणतेस, "म्हंजे बियाचं वांगं."

"हाव, तेच समज."

बियाचं वांगं म्हणजे काय, हे मला तूच शिकवलं होतंस. पहिल्या तोडणीतलं सगळ्यात देखणं वांगं, त्याच्या देठाला चिंधी बांधायची. मग घरात भाजीला काही नसो, पाहुणा येवो, ते तोडायचं नाही. झाडावर पिवळं होऊ द्यायचं, बी काढायचं, राखेत ठेवायचं, आणि पेरायच्या दिवसापर्यंत गाठ सोडायची नाही. तुझ्या घरात कुणाची हिंमत नव्हती चिंधीच्या वांग्याला हात लावायची.

आणि मग तू विचारतेस, "अन् तू मांगतलंच नाही तं?"

मी म्हणतो, "मांगतो ना बापा! विसरतो काय?"

तिथं रेकॉर्डिंग संपतं.

ताई, मी खुर्चीत बसून पोरीसमोर रडलो. दोन वर्षं तू वाट पाहत होतीस माझ्या मागण्याची. मी सांगितलं म्हणून तू कार्डाला हात लावला नाहीस, आणि हात लावला नाहीस म्हणून गळक्या कॉपीवर भागवत राहिलीस, आणि गळक्या कॉपीवर भागवतेस म्हणून माझ्याच शिव्या खाल्ल्यास. "काहून नाही सांगतलं?" असं विचारणार होतो, पण सांगत तर होतीस. चिंधीतलं, म्हणालीस. मी फोन कापला. तुझा रागही येतो मला. एवढी फाटक्या तोंडाची बाई तू, आबाजींना भर चौकात उलटं बोललेली, मला एकदा दटावून म्हणता येत नव्हतं का, की चूप बस आणि तुझं कार्ड घेऊन जा? भावाचा शब्द म्हणून पाळत बसलीस. असला शब्द पाळू नये गं.

रडणं झाल्यावर मी काम केलं. कामच येतं मला. पल्लवीला शेजारी बसवून दाखवलं: सहावी वेळ सगळ्यात चांगली, तीच घेतली. आठ सेकंद एकदाच कापले. ज्या मापात काढले त्याच मापात, त्याच वेगात, जागा वाचवायचा लोभ न करता एकदाच फाइल बनवली. तिला सांगितलं, दर हप्त्याला या फाइलची कॉपी नव्या व्हिडिओला लाव. तयार झालेल्या व्हिडिओतून पुन्हा कापायचं नाही, कधीच नाही. एक माझ्या दुकानात राहील, एक पेनड्राइव्ह तिच्याजवळ अमरावतीला. आणि मूळ कार्ड? ती म्हणाली, "ते आईच्या डब्यात." मी ओरडणार होतो की राखेत कोण कार्ड ठेवतं. नाही ओरडलो. दोन वर्षं माझ्या कपाटापेक्षा ते तिथंच नीट राहिलं होतं.

रविवारी पल्लवीनं पहिला भाग चढवला. वाफा कसा करायचा, त्याचा. मी त्या दिवशी तिवस्याला आलो होतो. आबाजी ओट्यावर बसले होते. मी त्यांना विचारायला गेलो नव्हतो, दाखवायला गेलो होतो. फोन त्यांच्या हातात दिला. तू वांग्यातून बाहेर आलीस. कुंकू दिसलं, फट दिसली. "या, वावरात या." आबाजींचे ओठ हलत होते, ताई. तुझं वाक्य तुझ्याबरोबर म्हणत होते. तोंडपाठ होतं म्हाताऱ्याला! म्हणजे दर हप्त्याला पाहत होते, चोरून. आठ सेकंद संपले तसे म्हणाले, "पुन्हा लाव. अन् आवाज वाढव." जीव अडकण्याचं पुन्हा काही बोलले नाहीत. बोलले असते तरी मी ऐकणार नव्हतो.

अडकू दे जीव. अडकला तर वांग्यातच अडकेल, अजून कुठं जायचंय तुला? ज्याला भीती वाटते त्यानं पाहू नये. तू बोलत राहशील. पल्लवी वांग्यावर बोलो, मेथीवर बोलो, सुरुवात तुझीच. दर हप्त्याला, आणि शंभराव्या हप्त्यालाही पहिल्याएवढी साफ. पोरगी म्हातारी झाली आणि तू मात्र तशीच राहिलीस, तर होऊ दे तसं. इकडे कोनी कैची घेऊन आलं तं मी बसलो हाय.

कार्ड परत डबीत घातलं, डबी चिंधीत, चिंधी राखेत. गाठ मीच मारली, तुझ्यासारखी नाही जमली. मग एकटाच वावरात गेलो. नवा वाफा टाकलेला आहे, अजून उगवलं काही नाही. कडेला मागच्या सालची दोन-चार वांगी उभी आहेत. गेल्या साऱ्या खेपांना मी वावरात शिरताना माती लागते म्हणून बूट बांधावर काढून ठेवायचो, आणि काटा रुतला की तुझ्यावर ओरडायचो. तू म्हणायचीस, "सांगतलं होतं ना तुले? ऐकतं कोन?"

या खेपेला ऐकलं, ताई. चप्पल राहू दिली पायात.